मराठवाड्यातल्या धरणांवर थंडीतलं विंडसर्फिंग: वारा, सामान आणि पाणी

प्रश्न असा आहे. छत्रपती संभाजीनगरला राहणारे, ७२ किलो वजनाचे एक गृहस्थ गोव्यात दोन मोसम विंडसर्फिंग शिकले. बोर्डवर उभं राहणं, वळणं, हार्नेस (शिडाची ओढ कमरेवर घेणारा पट्टा) अडकवणं त्यांना जमतं. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातल्या एखाद्या धरणावर हाच खेळ करायचा आहे. किनाऱ्यावरच्या एका दुकानाच्या हिवाळी यादीत दोन वापरलेले संच आले आहेत: एक १०५ लिटरचा बोर्ड ५.८ चौरस मीटर शिडासह, दुसरा १६५ लिटरचा, डॅगरबोर्ड (बोर्डच्या मधून पाण्यात सोडायची उभी फळी) असलेला बोर्ड ७.५ च्या शिडासह. कोणता घ्यावा, कुठे जावं, किती वाजता जावं आणि थंडीसाठी काय घालावं, असं त्यांनी विचारलं आहे.

संचाचं उत्तर एका वाक्यात: १६५ लिटरचा घ्या. १०५ चा बोर्ड कितीही चकचकीत असला तरी आपल्या हिवाळ्यात तो तुम्हाला बहुतेक दिवस गुडघाभर पाण्यात उभा ठेवेल. बाकीचं उत्तर मात्र मोठं आहे, कारण इथल्या थंडीत वारा समजायला सोपा आहे आणि पाणी अवघड. गोव्याहून शिकून आलेली माणसं नेमकं उलटं धरून चालतात.

आधी वारा. गोव्यात हिवाळ्याचा वारा म्हणजे समुद्रावरून येणारा दुपारचा वारा. जमीन तापते आणि दोननंतर पाण्यावरून थंड हवा आत येते. ती सवय घेऊन कोणी दुपारी तीनला धरणावर पोचला तर त्याला मरगळलेलं पाणी दिसतं. आपण समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहोत. हिवाळ्यात इथला मूळ वारा ईशान्य-पूर्वेचा असतो, आणि रात्री तो जमिनीपर्यंत येतच नाही. सूर्य मावळला की काळी जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि दोन-तीनशे मीटर वर वाहणारा वारा त्या थरावरून घसरून जातो. खाली पान हलत नाही. सकाळी ऊन चढलं की नऊ-दहाच्या सुमाराला हा थर फुटतो आणि वरचा वारा खाली उतरतो. नऊ ते साडेबारा हा तुमचा वेळ. एकनंतर जमिनीवरून हवेचे गरम फुगे उठायला लागतात. मग वारा झटक्यांनी येतो, दिशा बदलतो, मधेच गळून पडतो. चार वाजले की संपला.

धरणाच्या पाण्यामुळे यात आणखी एक फरक पडतो. सकाळी हवा १२–१५ अंश आणि पाणी वीसच्या आसपास, म्हणजे पाणी हवेपेक्षा उबदार. उबदार पाण्यावरची हवा ढवळली जाते आणि वारा पृष्ठभागापर्यंत पोचतो. दुपारी हवा २८–२९ अंशांवर जाते, पाणी तिथंच राहतं. आता गरम हवा थंड पाण्यावर तरंगते, खालचा थर पुन्हा बसतो आणि किनाऱ्यावर झाडं हलत असताना मधल्या पाण्यावर आरशासारखी शांतता दिसते. दुपारी किनाऱ्यावर वारा बघून आत गेलेला माणूस मधोमध अडकतो तो यामुळेच.

वारा कधी उतरणार हे ओळखायला ॲपपेक्षा साखर कारखान्याची चिमणी जास्त कामाची. गाळप हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. पहाटे धूर वर चढून एका उंचीवर पट्टीसारखा आडवा पसरलेला असेल आणि ती पट्टी सरळ एका दिशेला ओढली जात असेल, तर वर वारा आहे, फक्त अजून उतरलेला नाही. ती पट्टी तुटून धूर वर-खाली हेलकावे घ्यायला लागला, की अर्ध्या-पाऊण तासात पाण्यावर लहर येते. तोवर शीड बांधून तयार ठेवा. धूर पहाटेपासून सरळ उभा चढतोय आणि वरही कुठे वाकत नाही, तर त्या दिवशी घरी दुसरं काम काढलेलं बरं.

किनाऱ्यावर उभं राहून अंदाज घ्यायचा तर ज्वारी आणि उसाकडे बघा. पानं नुसती सळसळतात तेव्हा ४ ते ६ नॉट. पानं आणि बारीक फांद्या सतत हलत राहतात तेव्हा ७ ते १०. धूळ आणि वाळलेलं पाचट उडायला लागलं, पाण्यावर इथं-तिथं पांढरा फेस दिसला, की ११ च्या पुढे. हिवाळ्यातले चांगले दिवस बहुतेक मधल्या पायरीवरचे असतात आणि पुष्कळ दिवस पहिल्या पायरीवरच संपतात. हे आधीच मान्य केलं तर मोसम आनंदात जातो.

इथं एक चूक फार होते. हवामानाच्या ॲपवर वारा तासाला किलोमीटरमध्ये दिसतो आणि विंडसर्फिंगची सगळी गणितं नॉटमध्ये असतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. ॲपवरचे १२ म्हणजे साडेसहा नॉटसुद्धा नाहीत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे साडेसहाला बारा समजलात तर अपेक्षा प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ साडेतीन पट होते. ॲपमध्ये एकक बदलून नॉट करून ठेवा आणि मगच बोला.

जोराचे दिवस अजिबात नसतात असं नाही. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी पावसाची प्रणाली, सरकून गेला की मागोमाग थंडीची लाट येते. परभणीचा पारा एक आकडी होतो आणि एक-दोन दिवस उत्तरेचा कोरडा वारा बरा वाहतो. दुसरी संधी बंगालच्या उपसागरातल्या वादळांची. नोव्हेंबर-डिसेंबरात आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ एखादी प्रणाली असली, की आपल्याकडे पूर्वेचा वारा वाढतो, पण सोबत ढगही येतात. मिचाँग चक्रीवादळ ५ डिसेंबर २०२३ ला बापटलाजवळ किनाऱ्यावर आलं. असं काही नकाशावर दिसलं की आपला अंदाज दोन दिवस आधीपासून रोज बघायचा. खरा वारा हवा असेल तर मात्र जून-जुलै. पश्चिमेचा मोसमी वारा बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरवतो, त्याची बरोबरी थंडी करू शकत नाही. थंडी शिकण्यासाठी आहे: सपाट पाणी, स्वच्छ हवा, पडलात तरी लाटेचा मार नाही.

आता यावरून सामान. प्लेनिंग, म्हणजे बोर्डनं पाणी सोडून वरून घसरणं, ७२ किलोच्या माणसाला ८.५ चं शीड आणि १४०–१५० लिटरचा रुंद बोर्ड असताना साधारण ११–१२ नॉटपासून सुरू होतं. त्याखाली बोर्ड नावेसारखा पाणी कापत जातो. तेव्हा उपयोगी पडतं ते आकारमान आणि डॅगरबोर्ड. डॅगरबोर्ड खाली सोडला की बोर्ड आडवा सरकत नाही, ५ नॉटमध्येही वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढता येतं आणि निघालेल्या जागी परत येता येतं. हिवाळ्यात परत येता येणं हीच निम्मी विद्या आहे. आकारमानाचा हिशोब सोपा आहे: मंद वाऱ्यासाठी वजनाच्या आकड्यात ८० ते १०० मिळवा. ७२ किलोला १५० ते १७० लिटर. धरणाचं पाणी गोडं असल्यानं समुद्राच्या तुलनेत अडीच टक्के कमी तरंगवतं. १६५ लिटरमध्ये हा फरक जाणवत नाही, १०५ मध्ये चांगलाच जाणवतो.

पठाराच्या उंचीवर हवा विरळ, मग शीड मोठं लागेल का, असंही विचारलं जातं. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. त्या उंचीवर हवेची घनता पाचेक टक्के कमी होते. पण सकाळची १५–१६ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा तितकीच दाट असते. सकाळी गेलात तर हिशोब फिटला.

७.५ चं शीड चालेल. पुढेमागे ८.५ जोडा, त्याहून मोठं नको, कारण मंद वाऱ्यात पाण्यातून उचलताना पाठ जाते. बांधताना शिडावर छापलेले आकडे वाचा. लफ (शिडाची पुढची कड) ४७२ आणि मास्ट (शिडाची डोलकाठी) ४६० असेल तर एक्स्टेंशन, म्हणजे मास्टच्या बुडाशी लांबी वाढवणारा तुकडा, १२ सेंटिमीटरवर लावायचं. मास्टचा कडकपणा ‘आयएमसीएस’ या आकड्यात लिहिलेला असतो: ४३० ला साधारण २१, ४६० ला २५, ४९० ला २९. वापरलेल्या संचात शीड एका कंपनीचं आणि मास्ट दुसऱ्याच वाकणाचा, हा घोळ नेहमीचा. शीड जुळत नसेल तर पुरेसं ओढूनही मधे चुण्या राहतात. म्हणून दुकानदाराला सांगा की शीड त्याच मास्टवर बांधून, आडवं ठेवून, वरून काढलेला फोटो पाठवा. सुटे फोटो घेऊ नका.

डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या बुडाकडे ओढणारी दोरी, लोक जवळजवळ नेहमी कमी ओढतात. हातानं ओढून ती पुरेशी येत नाही. दोरी हार्नेसच्या बारला किंवा लाकडाच्या दांड्याला गुंडाळा, पाय एक्स्टेंशनवर टेकवा आणि पाठ सरळ ठेवून मागे झुका. वरच्या दोन पट्ट्यांमधलं कापड मागच्या कडेपासून साधारण अर्ध्यापर्यंत सैल दिसलं की बरोबर. अगदी मंद वाऱ्यासाठी यातून एक-दोन सेंटिमीटर सोडा. आउटहॉल, म्हणजे बूमच्या (शीड धरायच्या आडव्या दांडीच्या) टोकाकडची दोरी, उलट सैल ठेवा, शिडाचं पोट बूमला जवळजवळ टेकेल इतकी. पाच-सहा नॉटमध्ये शिडाला पोट नसेल तर ओढच लागत नाही, आणि लोक बिचाऱ्या बोर्डाला दोष देतात.

फिनचा, म्हणजे बोर्डच्या शेपटीखालच्या पात्याचा, प्रश्न आपल्याकडे खास आहे. ८ च्या वरच्या शिडाला ४८–५० सेंटिमीटरची सरळ फिन पुस्तकात बरोबर, पण धरणाच्या कडेनं पाणवनस्पती असतात आणि मच्छीमारांची जाळी. सरळ फिन दोन्हींत अडकते. मागे ४५ अंशांनी झुकलेली वीड-फिन घ्या. अडकलेलं सटकून जातं आणि डॅगरबोर्ड असल्यानं आडवं सरकण्याची भीती राहत नाही. घेण्याआधी बोर्डची फिनची खाच कोणती ते विचारा: यूएस बॉक्स, पॉवर बॉक्स, टटल की डीप टटल. चुकीच्या खाचेची फिन पार्सलनं आली तर परत पाठवण्यात आठवडा जातो आणि इथला मोसमच आठ-दहा आठवड्यांचा आहे.

फॉइलबद्दल, म्हणजे बोर्डखाली काठीवर बसवलेल्या पाण्यातल्या पंखाबद्दल, कोणी भरीस घालेल. ऑलिंपिकमध्ये २०२४ पासून फॉइलचाच वर्ग आहे, आणि सहा-आठ नॉटमध्ये बोर्ड पाण्यावर उचलला जातो हे खरं. पण त्या फॉइलची काठी ९५ सेंटिमीटर लांब असते. दीड मीटरहून कमी पाण्यात ती नको, आणि आपल्या धरणांत डिसेंबरनंतर दीड मीटर कुठे आहे आणि कुठे नाही हे रोज बदलतं. बुडालेल्या बाभळीच्या खोडाला वेगात फॉइल लागली तर माणूस बूमवरून पुढे फेकला जातो. पाणी पाठ होईपर्यंत थांबा.

वापरलेला संच हातात आला की काय बघायचं? पहिलं, मास्टच्या बुडाशी असलेला रबरी सांधा, त्याला टेंडन म्हणतात. तो पूर्ण वाकवून चारही बाजूंनी बघा. बारीक चीर दिसली तरी बदला, आणि चीर नसली तरी दोनेक वर्षांनी बदला. हा तुटला की शीड आणि बोर्ड वेगळे होतात. त्याच्या बाजूनं सुरक्षा दोरी आहे ना, तेही बघा. दुसरं, बोर्डवर अंगठ्यानं दाबत जा. जिथं मऊ लागतं तिथं आत पाणी गेलेलं असतं. बोर्डचं वजन करून मूळ वजनाशी ताडा, दोन किलो जास्त भरलं तर व्यवहार सोडा. तिसरं, शिडाचं पारदर्शक कापड नखानं हलकं दाबा. उन्हानं पिवळं आणि कडक झालेलं असेल तर ते एका पडण्यात फाटणार. फाटकं शीड ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेता येतं, पण फाटीच्या दोन्ही टोकांना आधी गोल भोक पाडून दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवा, नाहीतर चीर शिवणीच्या पुढे धावते.

बोर्डला टवका गेला तर गाड्यांच्या गॅरेजमध्ये नेऊ नका. तिथली पुट्टी पॉलिएस्टरची असते, आणि बहुतेक बोर्डांच्या आतला फोम थर्मोकोलच्या जातीचा. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन तो फोम विरघळवतं. वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पोकळी होते. इपॉक्सीच वापरा, तीही बोर्ड निदान आठवडाभर सावलीत पूर्ण वाळल्यावर. बोर्डवर हवा सुटण्याचा छोटा स्क्रू असतो. घाट चढून गाडीनं आणताना आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवताना तो सैल, पाण्यात जाताना घट्ट. घट्ट ठेवून पत्र्याखाली दुपारभर ठेवलेला बोर्ड फुगतो. सैल ठेवून पाण्यात नेलेला पाणी पितो. स्क्रूला रंगीत दोरा बांधा म्हणजे विसरणार नाही.

सुट्या गोष्टींत ४ मिलिमीटरची न ताणणारी दोरी पाच मीटर, एक जादा टेंडन, स्क्रूड्रायव्हर आणि बादलीभर स्वच्छ पाणी सोबत असू द्या. काळी माती मास्टच्या सांध्यात गेली की दोन तुकडे वेगळे होत नाहीत. जोडण्याआधी दोन्ही तोंडं धुऊन पुसा. अडकलाच तर दोघांनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पिळायचं, नुसतं ओढायचं नाही.

आता पाणी, आणि इथं जरा थांबून वाचा.

पहिला प्रश्न कुठे जायचं हा. संभाजीनगरकरांच्या मनात आधी पैठणच येतं. जायकवाडीचा नाथसागर एवढा रुंद आहे की वाऱ्यासाठी त्याच्यासारखं पाणी मराठवाड्यात नाही. तरी हिवाळ्यात तिथं बोर्ड टाकू नये. तो पक्षी अभयारण्य आहे आणि नेमक्या याच महिन्यांत रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदकं उथळ पाण्यावर उतरलेली असतात. साडेचार मीटर उंच रंगीत शीड त्यांच्या डोळ्यांना मोठ्या शिकारी पक्ष्यासारखं दिसतं. एक फेरी मारली तरी सगळा थवा उठतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून चार वेळा उठवणं म्हणजे त्याचं खाणं हिरावून घेणं. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथं उतरणं वन्यजीव कायद्यातही बसत नाही. हा नियम अडचण म्हणून पाळू नका, मनापासून पाळा.

मग सिंदफणेवरचं माजलगाव आणि पूर्णेवरचं येलदरी ही विचार करण्यासारखी. पाणी मोकळं आणि रुंद आहे. नांदेडचं विष्णुपुरी गोदावरीच्या पात्रातच लांबट अडवलेलं आहे. तिथं काठांमुळे वारा तुटतो. केजजवळचं मांजरा धरण लातूरच्या पिण्याच्या पाण्याचं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या लोकांनी साठ्यात खेळायला उतरणाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं तर ते चुकीचं नाही. कोणतंही धरण असो, ते जलसंपदा विभागाचं असतं. त्या प्रकल्पाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: किती माणसं, इंजिन नाही, जीवरक्षक जाकीट आहे, कोणत्या तारखा, कोणता काठ. भिंत, सांडवा, दरवाजे, कालव्याचं तोंड आणि येलदरीसारख्या ठिकाणी वीजगृहाची बाजू, यांपासून दूर राहणार असंही त्यात लिहा. नंतर त्या काठच्या मच्छीमार संस्थेला भेटा. जाळी कुठे लावली आहेत, खोडं कुठे बुडालेली आहेत, हे नकाशात नसतं, त्यांना तोंडपाठ असतं.

काठ निवडताना हिवाळ्याचा वारा ईशान्य-पूर्वेचा, हे धरून चाला. पूर्वेच्या काठावरून निघालात तर वारा तुम्हाला पाण्याच्या मध्याकडे ढकलेल. काठाजवळ शांत वाटतं, दोनशे मीटरवर जोर येतो आणि परतीचा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर. पश्चिम किंवा नैर्ऋत्य काठ घ्या, म्हणजे काही बिघडलं तर वारा तुम्हाला काठालाच आणून लावेल. वाऱ्याच्या बाजूला झाडं किंवा टेकडी असेल तर तिच्या उंचीच्या वीस-तीस पट अंतरापर्यंत वारा मोडलेला असतो. आठ मीटरच्या बाभळींची रांग असेल तर दोनशे मीटर सोडून द्या.

नोव्हेंबरपासून रब्बीची आवर्तनं सुटतात आणि पातळी उतरायला लागते. मागच्या रविवारी जिथं मुरमाचा काठ होता तिथं या रविवारी वीस मीटर गाळ असतो. वर वाळून भेगा पडलेला, खाली लोण्यासारखा. बोर्ड डोक्यावर घेऊन त्यात पाय टाकला की मांडीपर्यंत जातो. आधी मोकळ्या हातानं, काठी टेकत चालून बघा. मुरूम किंवा दगडी काठच घ्या, चप्पल नको, घट्ट बसणारे पातळ तळाचे बूट घाला. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर झालेली असेल तर तिच्यातून सामान ओढू नका. तो कोणाचा तरी हरभरा आहे.

पातळी उतरली की शेतकऱ्यांच्या मोटारीही पुढे सरकतात. तराफ्यावर मोटार, तिथून काठापर्यंत काळा पाइप आणि सोबत वीजवाहक केबल, बऱ्याचदा पाण्यातूनच आणि चिकटपट्टीनं जोडलेली. थंडीतल्या मराठवाड्यातला हा सगळ्यात मोठा धोका आहे. शेतीची वीज पाळीनं येते. सकाळी निर्जीव असलेली केबल दुपारी जिवंत होते. मोटारीपासून आणि पाइपपासून शंभर मीटर दूर राहा, फिन पाइपला अडकली तर केबल हातानं बाजूला करू नका. काठावर शीड उभं करण्याआधी वर बघा. शेतातल्या तारा झोळ पडून खाली आलेल्या असतात, तुमचा मास्ट ४६० सेंटिमीटरचा आहे आणि कार्बन वीज वाहून नेतो. तारांच्या आसपास मास्ट आडवाच न्या.

जाळ्यांची ओळख म्हणजे थर्मोकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या एका रेषेत. रेषा ओलांडायचीच वेळ आली तर डॅगरबोर्ड वर घ्या आणि दोन बाटल्यांच्या बरोबर मधून जा, तिथं जाळं सर्वांत खोल असतं. अडकलात तर बोर्डवर बसा, उलटं सरका आणि हातानं सोडवा. पाण्यात उतरून पाय जाळ्यात घालू नका. जाकिटाला आकडी चाकू असावा, पण तो जीव वाचवायला, जाळं कापायला नव्हे. कापलं तर भरपाई द्या.

पाण्यावर गेल्यावरचं तंत्र थोडक्यात सांगतो. मंद वाऱ्यात पुढचा पाय मास्टच्या बुडाशी, मागचा जेमतेम डॅगरबोर्डच्या मागे. शेपटीकडून गुळगुळ आवाज आला की वजन मागे पडलंय, पुढे सरका. शीड सरळ उभं ठेवा, अंगावर ओढून टेकू नका, कारण टेकायला वारा नाही. झुळूक आली की तीन-चार वेळा लयीत पंप करा, म्हणजे शीड अंगाकडे ओढून सोडा, आणि थांबा. पहिला अर्धा तास फक्त वाऱ्यावर चढा. निघालेल्या जागेच्या वर गेल्यावर मग हवे ते सराव करा: टॅक (वाऱ्याच्या तोंडातून वळणं), हेली-टॅक (तेच वळण शीड गरकन फिरवून घेणं), शीड उलटं धरून चालवणं. हे सगळं सहा नॉटच्या सपाट पाण्यावरच नीट शिकलं जातं.

वारा गेलाच तर शीड सोडवत बसू नका. ते मागे टाका, बूम शेपटीवर ठेवा म्हणजे टोक पाण्यातून ओढलं जाणार नाही, पोटावर झोपा आणि हातांनी वल्हवा. एक किलोमीटरला अर्धा तास आणि वरही लागतो, म्हणून काठापासून पाचशे-सातशे मीटरच्या पुढे जायचंच नाही. बोर्ड सोडून पोहत कधीही निघू नका. दोन्ही हात बाजूंना पसरून वर-खाली हलवणं ही मदतीची खूण, ती काठावरच्या साथीदाराला आधी दाखवून ठेवा. तो साथीदार आणि त्याच्याजवळ ११२ लावायला फोन, याशिवाय उतरू नका. जाकीट ५० न्यूटन तरंगण्याच्या बळाचं, शिट्टीसह, पोहता येत असलं तरी.

थंडीचं आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. बाहेर २८ अंश असताना कसली थंडी? पण इथली हवा कोरडी असते आणि ओल्या अंगावरचं पाणी भराभर उडतं. त्याबरोबर अंगातली ऊब जाते. ओला सुती टीशर्ट सर्वांत वाईट, तो थंडगार पट्टीसारखा छातीला चिकटतो. साधा तापमापक दोरीला बांधून कमरेइतक्या पाण्यात सोडा. २४ च्या वर असेल तर लायक्राचा अंगाला बसणारा टीशर्ट पुरे. २० ते २४ मध्ये दोन मिलिमीटरचा अर्ध्या बाह्यांचा वेटसूट. वीसच्या खाली पूर्ण अंगाचा, छातीला ३ आणि हातापायांना २ मिलिमीटरचा. बोटांनी दोरी नीट धरता येईनाशी झाली, बोलताना शब्द अडखळले, की त्याच क्षणी काठाला लागा. अंग पुसा, कोरडे कपडे, टोपी, गरम गोड चहा. सकाळी काठ दिसत नसेल इतकं धुकं असेल तर ते उठेपर्यंत थांबा, तसाही तोवर वारा नसतो.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर मोसम बदलतो. दुपारी ढग उभे चढायला लागतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं ते याच दिवसांत. अशा ढगाच्या पुढे थंड वाऱ्याचा एक लोट धावतो आणि ५ नॉटचे दोन मिनिटांत २५ होतात. ७.५ च्या शिडानं ते पेलत नाही. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वाढताना दिसला किंवा गडगडाट ऐकू आला, तर वारा कितीही छान असो, शीड खाली टाका, काठाला या, मास्ट आडवा ठेवून त्यापासून दूर व्हा आणि गाडीत काचा लावून बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पूर्ण होईपर्यंत सामान आवरायलाही बाहेर पडू नका.